बांधावरची रुई आणि परसातले लिंबू

ती. आई व ती. बाबा यांस साष्टांग नमस्कार,

परवा रविवारी आम्ही तिघे केवळ फुलपाखरे पाहण्यासाठी बाहेर पडलो, हे वाचून आई, तू हसशील. पण पाऊस ओसरून ऊन पडू लागले की भाद्रपदाच्या अखेरीपासून दिवाळीपर्यंत आपल्याकडे त्यांची जितकी रेलचेल असते तितकी एरवी क्वचितच दिसते, आणि चिनूच्या सहामाही परीक्षेआधी हाच रविवार मोकळा होता.

प्रथम एम्प्रेस गार्डनमध्ये गेलो. तेथील जुन्या झाडांच्या सावलीतून एक ब्लू मॉर्मन डोक्यावरून गेले. काळ्या पंखांवर निळी झाक असलेले हे फुलपाखरू २०१५ साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून घोषित झाले. ते क्षणभरही कोठे टेकेना, त्यामुळे चिनूला फोटो काही मिळाला नाही.

नंतर दिवे घाट चढून सासवडच्या पुढे एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानात गेलो आणि खरे पाहण्यासारखे तेथेच निघाले. दसऱ्यासाठी लावलेला झेंडू ऐन भरात होता, मात्र आदल्याच दिवशी औषध मारलेले असल्याने त्यावर चार-दोन फुलपाखरांपलीकडे काही नव्हते. गर्दी होती ती टाकळा, खुळखुळा आणि रुई माजलेल्या बांधावर. खुळखुळ्याला ब्लू टायगर आणि कॉमन क्रो यांचे नर चिकटून बसले होते. त्यातून मिळणाऱ्या द्रव्यापासून ते मादीला भुलवणारा गंध तयार करतात. रुईवर प्लेन टायगरची मादी आली, पानाच्या कडेला धरून तिने पोट खाली वाकवले आणि राजगिऱ्याच्या दाण्याहूनही लहान असे एकच पांढरे अंडे पानाच्या पाठीला चिकटवून ती पुढच्या झाडाकडे गेली. रुईच्या चिकातले विष अळीच्या अंगात साठत असल्यामुळे पक्षी या फुलपाखराच्या वाटेला जात नाहीत, आणि त्याचा फायदा घेऊन डॅनेड एगफ्लायची मादी हुबेहूब त्याचेच रूप घेते. तिच्या अळ्या वाढतात त्या घोळावर, म्हणजे आई, तू ज्याची भाजी करतेस त्याच घोळावर! वाटाण्याच्या रानात पी ब्लूही पुष्कळ होती, पण त्यांच्या अळ्या शेंगेत शिरून दाणे खातात, तेव्हा शेतकऱ्याने त्यांचे कौतुक करावे असे मी म्हणणार नाही.

बाबा, आता मुद्द्याचे लिहिते. आपल्या परसातल्या लिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या ज्या अळ्यांवर तुम्ही दर वर्षी फवारा मारता, त्या बहुधा लाइम बटरफ्लायच्या असाव्यात. वाढल्या की त्या हिरव्या होतात आणि डिवचल्यास डोक्यामागून शिंगे काढून उग्र वास सोडतात. कोवळी पाने त्या खातात हे खरे. रोप लहान असते तर मीच औषध मारा म्हटले असते, पण आपले झाड आता चांगले जुने आहे, तेवढ्याने त्याचे काही बिघडणार नाही. यंदा फवारणी राहू द्यावी, ही विनंती. विहिरीजवळची रुईही गडी तण म्हणून उपटणार नाही एवढे पाहावे. आई, शनिवारी मारुतीच्या माळेसाठी तिची पाने तोडशील तेव्हा प्रत्येक पान उलटून बघ, आणि मागे अंडे असेल तर ते पान सोडून शेजारचे घे.

आपली लेक,
सुमेधा