ज्याने पहिला भाग बघितलाच नाही, त्याच्यासाठी लिही

दांडिया बाजार, वडोदरा

मंद्या,

तुला जुन्या विनोदी सिनेमाचा पुढचा भाग लिहायचं काम मिळालं याचा मला किती आनंद झालाय ते फोनवर नीट बोलताच आलं नाही, इकडे आई भाजीवाल्याशी गुजरातीत भाव करत होती आणि तुझ्याकडे ट्रॅफिक, म्हणून आता बसून सगळं लिहूनच काढते. कुठल्या सिनेमाचा पुढचा भाग आहे ते तू सांगितलं नाहीस, कॉन्ट्रॅक्टमध्ये तसं आहे म्हणालास, ठीक आहे, मी विचारणार पण नाही. पण जाता जाता तू एक बोललास ते डोक्यातून जातच नाहीये. प्रोड्यूसर म्हणतात लोकांना जुन्या आठवणी पाहिजेत, त्या दिल्या की बाकी फार काही लागत नाही. मंद्या, हे ऐकू नकोस. अगदी हात जोडून सांगते.

माझा भाचा अकरावीत आहे. त्याला बाबूराव गणपतराव आपटे तोंडपाठ. स्टिकर आहेत, मीम आहेत, क्लासच्या ग्रुपवर दिवसभर तेच चालू असतं. पण हेराफेरी अख्खा त्याने कधी बघितलाच नव्हता, त्याच्या जन्माआधीचा, 2000 सालचा. मागच्या सुट्टीत मी त्याला बसवून दाखवला आणि सिनेमा सोडून त्याच्याकडेच बघत बसले, तुला माहितीये मला ती सवय आहे, नाटकाला पण मी विंगेतून प्रेक्षकच बघत असते. तर गंमत काय झाली, जे डायलॉग त्याला पाठ होते तिथे तो नुसता हसरा चेहरा करायचा, हां हे माहितीये, असं. आणि खरा फुटून हसला कुठे, तर ज्या जागांचं कोणी मीम केलेलं नाही तिथे. खडकसिंग पैसे मागायला येतो आणि श्यामची जी पळापळ होते तिथे. राजू आईशी खोटं बोलतो, मोठा इंजिनियर असल्यासारखं, तिथे तर आधी हसला आणि मग एकदम गप्प झाला. त्याच्याकडे कसलीही आठवण नव्हती रे. तरी सिनेमा चालला. म्हंजे ओळखीचं दिसलं की माणूस नुसता मान डोलावतो, हसायला त्याला पुढे काय होणार हे माहीत नसावं लागतं.

आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की हेराफेरी स्वतःच एका जुन्या सिनेमाचा नवा जन्म होता आणि आपल्याला त्याचा पत्ताही नव्हता. मूळ मल्याळम, सिद्दीक-लाल यांचा रामजी राव स्पीकिंग, 1989 सालचा. प्रियदर्शननी तो हिंदीत आणला, नीरज व्होरांनी लिहिला, आणि केरळातला तो घरमालक इकडे येऊन मराठी आपटे झाला, तोही एका गुजराती नटाने केलेला! आपल्या बडोद्याच्या मराठी माणसांना तर बाबूराव घरचाच वाटतो, घरात एक भाषा नि दाराबाहेर दुसरी, आपण तसेच वाढलो ना. आता विचार कर, हिंदी बघणाऱ्यांपैकी किती जणांना मूळ मल्याळम सिनेमाची आठवण होती? जवळपास कोणालाच नाही. काय आणलं मग त्यांनी तिकडून? तीन कडके लोक, एक चुकून आलेला फोन, पळवलेली मुलगी, आणि मध्ये बसून दुप्पट खंडणी मागायची आयडिया. चेहरे नाही आणले, डायलॉगवरच्या शिट्ट्या नाही आणल्या.

बनवाबनवीचं पण तेच. 1988 ला आला, आणि त्याच्या मागे हृषीकेश मुखर्जींचा 1966 चा बीवी और मकान आहे. बावीस वर्षांचं अंतर. वसंत सबनीसांनी ते पुण्यात असं काही रुजवलं की आता कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. भाड्याने जागा मिळत नाही, जोडपं असेल तरच मिळते, म्हणून दोन पुरुष बायका होतात. एवढं एक संकट उचललं आणि बाकी सगळं पुणं भरलं त्यात. म्हणून मी म्हणते की आठवणीवर न विसंबता जुना विनोद परत उभा करायचं काम आपल्याकडे झालेलं आहे, चांगलं झालेलं आहे, फक्त तेव्हा कोणी त्याला रीबूट म्हटलं नाही.

तर तू पण तेच कर. तुझ्या त्या जुन्या सिनेमातलं संकट काय होतं ते आधी काढ. डायलॉगची यादी करू नकोस (मला माहितीये त्यांनी तुला तशी यादी पाठवलीच असेल). पैसा नव्हता, घर नव्हतं, नोकरी नव्हती, लग्न होत नव्हतं, जे काही असेल ते. आणि मग स्वतःला विचार की तेच संकट आज कोणत्या रूपात येतं.

फोनचंच घे. हेराफेरीचं सगळं इंजिन त्या लँडलाईनवर चालतं. एकाचा फोन दुसऱ्याकडे लागतो आणि पलीकडे कोण आहे ते बोलणाऱ्याला कळत नाही. आज कॉलरचं नाव स्क्रीनवर येतं, लोकेशन जातं, ती गोष्ट जशीच्या तशी उभीच राहणार नाही. बरेच लोक इथे शॉर्टकट मारतात, कोणाचा तरी मोबाईल पाण्यात पडतो किंवा रेंज जाते, आणि मग जुनाच सीन. का पण? आज फोन उचलायलाच लोक जास्त घाबरतात रे. डिजिटल अरेस्टवाले व्हिडिओ कॉलवर पोलीस बनून बसतात, माणसाला तासन्‌तास घरातच अडकवून ठेवतात, आमच्या गल्लीतल्या निवृत्त काकांना पण असा फोन आला होता, सुदैवाने सूनबाईंनी वेळेत बघितलं. किती भयानक आहे ते, आणि त्यातच विनोद पण आहे. कल्पना कर, असा फोन एखाद्या बाबूरावसारख्या माणसाला आला. त्याच्याकडे गमवायला काही नाहीच! तो घाबरणार तर नाहीच, उलट इतक्या दिवसांनी कोणीतरी एवढा वेळ देऊन आपलं ऐकतंय म्हणून त्या चोरालाच भाडेकरू, कर्ज, गुडघेदुखी सगळं सांगत बसेल, आणि शेवटी चोरच फोन ठेवायला बघतोय आणि हा ठेवू देत नाही. मी हे आता लिहिता लिहिता सुचलं म्हणून लिहिलं, वापर हवं तर.

किंवा बनवाबनवीचं संकट घे. एकट्या मुलांना जागा न देणं गेलंय का कुठे? अजिबात नाही, तुला मुंबईत किती फिरवलं होतं सोसायट्यांनी ते आठव. पण आजची पार्वती, म्हंजे बायको बनून आलेला पुरुष, भाडेकरार करायला गेली तर तिचं आधार कार्ड मागतील, पोलीस व्हेरिफिकेशन, लिफ्टबाहेर सीसीटीव्ही, गेटवर अॅपमध्ये फोटो. साडी नेसून जिना चढणं एवढंच त्याला पुरणार नाही. आणि तिथेच नवीन गंमत सुरू होते बघ, कारण प्रत्येक नवा कागद म्हंजे नवं खोटं, आणि एक खोटं झाकायला दुसरं, हेच तर फार्सचं गणित आहे, आपल्याला ड्रामाच्या क्लासमध्ये सरांनी किती घोटून घेतलं होतं ते.

दुसरं, माणसं. फिर हेराफेरी 2006 ला आला तेव्हा नीरज व्होरांनी स्वतः डायरेक्ट केला होता. पहिल्या भागाच्या शेवटी या तिघांना पैसा मिळालेला, आता श्रीमंत लोकांवर कोण हसणार, म्हणून त्यांनी पहिल्यांदा काय केलं तर दाम दुप्पटच्या स्कीममध्ये तो पैसाच काढून घेतला आणि तिघांना परत चाळीत आणून बसवलं. बरोबर कळलेलं त्यांना. सगळीकडे उलटं होतं बघ, पुढचा भाग म्हटला की माणसं फॉरेनला जातात, गाड्या येतात, यॉटवर गाणी होतात, आणि ज्या कडकीवर आपण हसलो होतो तीच गायब.

आता पंचवीस वर्षांनी तर वय पण आहे. तिशीतला बेकार मुलगा आणि साठीकडे आलेला बेकार माणूस यांच्यात खूप फरक आहे मंद्या. पहिल्याला अजून काहीतरी होईल अशी आशा असते. दुसऱ्यावर हसायचं तर त्याच्यावर आधी खूप प्रेम करावं लागतं लेखकाला. त्याचे केस काळे करून त्याला तशीच उडी मारायला लावली तर प्रेक्षकाला त्याची कीव येते, आणि कीव आली की हसू संपलं. त्याला त्याच्या वयाचं संकट दे. हयातीचा दाखला, मुलाकडे राहायला गेल्यावरची अडचण, बँकेत अंगठा न उमटणं, असलं काहीतरी खरं.

आणि जे नट आता नाहीत त्यांच्याबद्दल मला फार मनापासून सांगायचंय. लक्ष्या 2004 ला गेला. आपण लहानपणी ज्याच्यावर इतकं हसलो तो माणूस. झपाटलेला मधली त्याची आणि रामदास पाध्यांच्या बाहुलीची जुगलबंदी मी आजही बघते. 2013 ला दुसरा भाग आला तो थ्रीडी होता, तात्या विंचू परत आला, दिलीप प्रभावळकरांचा आवाज परत आला, पण लक्ष्या कुठून आणणार? बाहुली चाकू घेऊन फिरते यात फक्त अर्धी गंमत आहे, उरलेली अर्धी त्या बाहुलीला घाबरणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर असते. म्हणून सांगते, कोणी तुला म्हटलं की कम्प्युटरवर जुना नट परत आणू, तर नको म्हण. 2021 च्या घोस्टबस्टर्समध्ये त्यांनी जुन्या भागातल्या हॅरल्ड रामिसचं तसं केलं, तो 2014 ला गेला होता. शेवटी सगळे डोळे पुसत उभे. भावना खरी असेल त्यांची, मी नाही म्हणत नाही, पण भुतांवर हसवणारा सिनेमा होता तो, आणि तो पूजेला बसला.

ज्यांना जमलं त्यांच्याकडे बघ. द नेकेड गन 2025 ला परत आला, अकिवा शॅफरने केला, लियाम नीसनला घेऊन. जुन्या भागातल्या लेस्ली नील्सनची नक्कल करणारा कॉमेडियन सहज घेता आला असता. पण नील्सनची गंमत मुळात काय होती? तो आधी वर्षानुवर्षं सीरियस रोल करणारा नट होता आणि विनोदी सिनेमात पण तसाच सीरियस राहायचा, आपण कॉमेडीत आहोत हे त्याला माहीतच नाही असा. त्यांनी तो नियम उचलला, चेहरा नाही. नीसन म्हंजे शिंडलर्स लिस्ट आणि टेकनवाला माणूस, त्याने तसाच कडक चेहरा ठेवून सगळा वेडेपणा केला. जुन्या लोकांना एक सलाम आहे, बापांच्या फोटोंसमोर पोरं बसतात तो, पण तो पण जोकच आहे, आणि सिनेमा दीड तासाच्या आत संपतो.

आणि आपल्याकडचा मुन्नाभाई. पहिला 2003, दुसरा 2006. हिरानींनी हॉस्पिटल सोडलं, मेडिकल कॉलेज सोडलं, हिरॉईन बदलली आणि त्याचं एका शब्दाने स्पष्टीकरण दिलं नाही. कोणाला काही अडलं? मुन्ना आणि सर्किटचं एकमेकांवरचं प्रेम तेवढं ठेवलं आणि समोर एकदम गांधीजी आणून उभे केले, ते पण आपले प्रभावळकरच. पहिला भाग न बघितलेल्या माणसाला तिथे कुठेच अडखळायला होत नाही. तू लिहिताना हा सिनेमा शेजारी ठेव.

मला राग त्या एंट्र्यांचा येतो. परवा एक असाच दुसरा भाग बघितला थिएटरमध्ये, नाव नाही लिहीत. जुना नट पाठमोरा, स्लो मोशन, मागे जुनं म्युझिक, शिट्ट्या. छान वाटलं, मला पण. पण पुढे त्या माणसाला सीनच नव्हता लिहिलेला. उभा आपला. आठवण म्हंजे आपल्या सेवउसळीवरची तरी आहे मंद्या, वरून हवी तेवढी घाल, पण खाली उसळच नसेल तर नुसती तरी कोण पिणार.

आणखी एक, शूटिंगला जाणार असशील तर डायरेक्टरशी बोल. जुन्या कॉमेडीत तीन माणसं एका फ्रेममध्ये असायची, एक बोलतोय, दुसरा ऐकून घाबरतोय, तिसऱ्याला अजून कळलेलंच नाही, आणि आपण तिघांकडे एकदम बघत असतो. आता रील्सच्या सवयीने एक वाक्य एक क्लोजअप. मग हसायचं कोणाकडे बघून? गणपतीत आमच्या मंडळाच्या एकांकिकेत मी मुलांना हेच सांगते, की लाफ बोलणाऱ्याला नसतो, ऐकणाऱ्याला असतो. नगरगृहाच्या शेवटच्या रांगेतला माणूस पण ऐकणाऱ्याकडेच बघत असतो.

प्रोड्यूसरना कसं सांगायचं ते तुझं तू बघ, पण मला वाटतं सरळ सांग. जुने प्रेक्षक पहिल्या रविवारी येतील, ते येणारच आहेत, त्यांना आणायला काही लिहावं लागत नाही. सोमवारी कोण येणार ते विचार त्यांना. माझ्या भाच्यासारखी मुलं आली तर सिनेमा चालेल.

तर आता असं कर. पहिले दहा-पंधरा सीन लिही, त्यात जुन्या भागाचा एकही डायलॉग नको, एकही फोटो भिंतीवर नको, कोणी कोणाला आठवतंय का विचारायचं नाही. आणि मला पाठव. मी आमच्या ग्रुपच्या मुलांकडून शनिवारी मोठ्याने वाचून घेते, त्यांना सिनेमाचं नाव सांगणार नाही, आणि कुठे हसले कुठे मोबाईल बघायला लागले ते बाजूला पेन्सिलने लिहून परत पाठवते. आई म्हणते दिवाळीला आलास तर लीलो चिवडो जास्तीचा बांधून ठेवायचा का ते कळव, तिला आधी सांगावं लागतं.

तुझी,
वृंदा