कवचांच्या गणितात थरांमधले कर्तन विसरू नये

महोदय,

राळेत तंतू बसवून केलेल्या संमिश्र पदार्थांविषयी लिहिताना ‘पोलादापेक्षा हलके आणि मजबूत’ एवढेच सांगून थांबण्याची पद्धत पडली आहे. ती दिशाभूल करणारी आहे, कारण हे पदार्थ कोणत्या दिशेने मजबूत आहेत हा प्रश्न त्यात येतच नाही. कार्बन तंतू आणि त्यांना बांधणारी इपॉक्सी राळ यांच्या थराचा ताठपणा तंतूंच्या दिशेने साधारण १४० गिगापास्कल, तर आडव्या दिशेने जेमतेम १० गिगापास्कल असतो. दाबाखालील दंडगोल टाकीत, म्हणजे पातळ वक्र भिंतीच्या कवचात, परिघाच्या दिशेचे प्रतिबल (दर क्षेत्रफळावरचे आंतरिक बल) लांबीच्या दिशेच्या दुप्पट असते. म्हणून सारा भार तंतूच पेलतात असे मानले, तर ते अक्षाशी सुमारे ५४.७ अंशांच्या कोनात गुंडाळावे लागतात.

खरी अडचण मात्र जाडीच्या दिशेने आहे. ब्रिटिश गणितज्ञ ऑगस्टस लव्ह यांनी १८८८ मध्ये मांडलेल्या पातळ कवचांच्या सिद्धांतात मध्यपृष्ठाला (जाडीच्या मधोमध असलेल्या पृष्ठाला) लंब असलेली रेषा कवच वाकल्यावरही लंबच राहते, म्हणजे जाडीत कर्तन (थर एकमेकांवरून सरकणे) होत नाही, असे गृहीत धरले आहे. पातळ धातूसाठी ते चालते. पण थरांना जोडणारी राळ कर्तनाला इतकी मऊ असते, की त्या गृहीतकावर काढलेला वाक प्रत्यक्षापेक्षा कमी आणि कवच मुडपून कोसळण्याचा भार प्रत्यक्षापेक्षा जास्त येतो. ही चूक असुरक्षित बाजूची आहे, हे मला फार गंभीर वाटते. शिवाय थरांची रचना मध्यपृष्ठाच्या दोन्ही बाजूंस सारखी नसेल, तर नुसत्या ताणानेही कवच वाकते किंवा पिळते.

म्हणून अभियांत्रिकीच्या पदवी अभ्यासक्रमाने एकजिनसी धातूच्या कवचांवर थांबू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक अध्यापक