ताई, ते हाड तिथंच आहे

प्रिय ताई,

फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही विषय बदलता. आईचे गुडघे कसे आहेत, डिचोलीत पाऊस लागला का, असं काहीतरी विचारता आणि माझं बोलणं राहूनच जातं. म्हणून हे चार लोकांसमोर लिहिते आहे. नाव घालू नको म्हणालात, तेवढं ऐकते. बाकीचं ऐकणार नाही.

धाकट्या बहिणीच्या बाळंतपणाला आईनेच कॅनडात कॅलगरीला जायचं, पण तिच्याने विमानप्रवास झेपणारा नव्हता, म्हणून मे महिन्यात मी गेले. सोबत माझा नऊ वर्षांचा मुलगा. घरात दिवसरात्र बाळ-बाळंतीण, डिंकाचे लाडू, मालीश, जागरणं. त्यात त्या पोराकडे बघायला कुणाला वेळ होता? तो काही मागत नव्हता. त्याला एकच वचन दिलं होतं, ड्रमहेलरला डायनासोर दाखवायचे. बहिणीच्या नवऱ्याने भाड्याची गाडी ठरवली, पैसे भरले, आणि त्या दिवशी सकाळी गेलो तर गाडीच नाही म्हणाले. पोरगा रडला नाही. घरी येऊन त्याने पायांतले बूट काढले आणि कोपऱ्यात नीट लावून ठेवले. ते बूट बघून मला कसंतरी झालं.

तुम्ही रात्रपाळी करून येत होतात. बहिणीच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये भेटलात, माझा चेहरा बघून विचारलंत, आणि ऐकून घेतल्यावर एवढंच म्हणालात, "उद्या माझी सुट्टी आहे. मी नेते." आपली ओळख जेमतेम दोन आठवड्यांची. तुमचं माहेर सावंतवाडी आणि माझं घर गोव्यात डिचोली, एवढंच काय ते नातं. दुसऱ्या दिवशी सात वाजता तुम्ही खाली हजर, डब्यात घावने आणि ओल्या खोबऱ्याची चटणी.

कॅलगरीपासून ड्रमहेलर साधारण १३५ किलोमीटर. सगळा रस्ता सपाट. आमच्याकडे चोर्ला घाट चढायचा म्हणजे डोंगर आधी लांबून दिसतो, मनाची तयारी होते. तिथे तसं काहीच नाही, नुसती शेतं आणि आभाळ. हॉर्सशू कॅन्यनला तुम्ही गाडी लावलीत आणि मुलाला म्हणालात, "डोळे मीट, मी सांगेपर्यंत उघडायचे नाहीत." हाताला धरून त्याला कठड्यापाशी नेलंत. त्याने डोळे उघडले तेव्हा त्याच्या पुढ्यात जमीनच संपलेली होती. खाली राखाडी, तपकिरी, काळे पट्टे असलेल्या टेकड्या, एकावर एक थर. काळा पट्टा कोळशाचा, हे तुम्हीच दाखवलंत. बर्फयुग सरताना वितळलेल्या पाण्याने ही दरी कापली, म्हणजे दरी तशी अलीकडची, हजारो वर्षांची; पण तिने उघडे पाडलेले थर सात कोटी वर्षांपूर्वीचे. तेव्हा तिथे समुद्रकाठ होता, उबदार आणि दलदलीचा. मुलगा म्हणाला, "म्हणजे आमच्यासारखंच?" तुम्ही हसून म्हणालात, "होय रे, कोकणच ते."

आदल्या रात्री पाऊस झाला होता. वरून कोरडी दिसणारी ती माती पाय ठेवताच साबणासारखी सुळकन सरकली. ज्वालामुखीच्या राखेपासून झालेली चिकणमाती, बेंटोनाइट, पाणी पिऊन फुगते. मी शेतातल्या चिखलात वाढलेली बाई, तरी तिथे दोन पावलं धड टाकता येईनात. माझा दंड तुम्ही जो धरलात तो वर येईपर्यंत सोडला नाहीत. रात्रपाळी करून फक्त एक झोप झालेली बाई, आणि पकड अशी!

रॉयल टिरेल म्युझियमबद्दल किती लिहू? जोसेफ टिरेल नावाचा पंचविशीचा भूवैज्ञानिक १८८४ साली त्या खोऱ्यात कोळसा शोधत होता आणि त्याला डायनासोरची कवटी सापडली. त्याच्या नावाचं हे म्युझियम १९८५ पासून आहे. पण मी अडकले ती बोरिआलोपेल्टापाशी. हा चिलखती डायनासोर ११ कोटी वर्षांपूर्वीचा. नुसती हाडं नाहीत, अंगावरची कवचं, कातडीसुद्धा जशीच्या तशी. झोपलेलं जनावर वाटतं. २०११ मध्ये फोर्ट मॅकमरेजवळच्या खाणीत उत्खनन यंत्राच्या चालकाला वेगळाच दगड दिसला आणि त्याने काम थांबवलं, म्हणून हा डायनासोर वाचला. पुढे मार्क मिचेल या तंत्रज्ञाने जवळजवळ सहा वर्षं, सुमारे ७,००० तास खपून तो दगडातून मोकळा केला. २०१७ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं, त्यात मिचेलचं नाव आहे.

आमचे हे डिचोलीच्या खाणीवर पोकलेन चालवायचे, २०१२ मध्ये खाणी बंद पडेपर्यंत. रात्री व्हिडिओ कॉलवर ही गोष्ट सांगितली तर त्यांनी दोनदा विचारलं, "ऑपरेटरने मशीन थांबवलं? स्वतःहून?" पाळीत किती ट्रक भरायचे याचा हिशेब डोक्यात असताना बकेट थांबवणं काय असतं ते खाणीवर राबलेल्या माणसालाच कळतं. तुम्ही त्या काचेपुढे मला घाई केली नाहीत, पोराला घेऊन पुढे गेलात, त्याचेही आभार.

आणि आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते.

म्युझियममागच्या पायवाटेवर मुलगा खाली वाकला. अंगठ्याएवढा तपकिरी तुकडा. मला दगडच वाटला, तिथे लोहयुक्त दगडही तसेच दिसतात. तुम्ही गुडघे टेकून मातीत बसलात आणि त्याला तुटलेली कड दाखवलीत. तिथे बारीक बारीक भोकं होती, पाव मोडल्यावर आतून दिसतो तशी. हाड! त्याने ते मुठीत घेतलं आणि मूठ खिशात गेली. मी, खरं सांगते, गप्प बसले. एवढासा तुकडा, एवढ्या लांबून आलेलं लेकरू, कोण बघतंय, असंच माझ्या मनात आलं.

तुम्ही रागावला नाहीत. कायदाही आधी सांगितला नाहीत. विचारलंत, "हे कुठे पडलं होतं, नेमकी जागा दाखव बघू." त्याने दाखवली. मग म्हणालात, "आता हे इथे आहे तोवर त्याला पत्ता आहे. कुठल्या थरातून आलं, शेजारी आणखी काय आहे, हे शोधणाऱ्याला कळू शकतं. तुझ्या खिशात गेलं की त्याचा पत्ता पुसला." मग सांगितलंत की अल्बर्टात जीवाश्म सगळ्या प्रांताच्या मालकीचे असतात, उद्यानातून उचलायचे नाहीत, परवानगीशिवाय खणायचं नाही. तो बराच वेळ उभा राहिला. तुम्हीही थांबलात, एक शब्द न बोलता. शेवटी त्याने स्वतःच तो तुकडा होता त्या खळगीत, होता त्याच बाजूने ठेवला. तुम्ही शेजारी नाणं ठेवून फोटो काढलात, नकाशावरची जागा टिपलीत आणि ते म्युझियमला कसं कळवायचं ते त्याच्याच हातून करून घेतलंत.

मी आई असून जे केलं नसतं ते तुम्ही केलंत.

परतताना ब्लेरियट फेरीने रेड डियर नदी ओलांडली. १९१३ पासून चालू असलेली, तारेला धरून जाणारी, फुकटातली. पोरगा "चोडणची फेरीबोट!" म्हणून ओरडला आणि तुमच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तेव्हा बघितलं नाही असं दाखवलं.

गेल्या रविवारी कुशावतीकाठी पणसईमळची कातळचित्रं बघायला गेलो. चिऱ्याच्या कातळावर चढण्याआधी त्याने कुणी न सांगता चपला काढल्या, आणि आम्हालाही काढायला लावल्या. दिवाळीच्या सुट्टीत गुजरातेत बालासिनोरजवळ रैयोलीला न्या म्हणून मागे लागलाय. तिथे सापडलेल्या राजासॉरस डायनासोरचं नाव तुम्हीच त्याच्या डोक्यात भरलंत, तेव्हा तिकिटांचं बघताना तुमचंही धरते आहे.

चवथीला सावंतवाडीला येणार म्हणालात. डिचोली तिथून लांब नाही. तो फोटो त्याने छापून अभ्यासाच्या टेबलावर लावलाय, मागे जागेचे आकडे लिहून. तुम्ही आल्यावर दाखवायचा म्हणून कुणाला हात लावू देत नाही.

तुमची,
डिचोलीची बाय