आमसूल आणि वजन घटवण्याच्या गोळ्या

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील कोकमावरचा लेख वाचला. रातांबा, आमसूल, आगळ आणि अमृत कोकम हे चारही शब्द त्यात एकाच अर्थाने वापरले आहेत आणि शेवटच्या चौकटीत ‘रोज ग्लासभर आगळ घेतल्यास चरबी वितळते’ असा निर्वाळाही दिला आहे. आमच्या घरी मे महिना रातांबे फोडण्यातच जातो, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

रातांबा म्हणजे झाडावरचे ताजे फळ. गोव्यात आणि मालवणी मुलखात त्यालाच भिरंड म्हणतात. ते फोडून बिया आणि गर वेगळा करायचा, त्याच रसात मीठ घालून त्यात साली बुडवायच्या, दिवसभर उन्हात वाळवायच्या आणि पुन्हा रसाचे पुट द्यायचे. असे काही दिवस चालले की काळसर, चिवट आमसुले तयार होतात आणि करणाऱ्याची बोटे मात्र पुढे आठवडाभर जांभळी राहतात. मिठात मुरवून गाळलेला रस तो आगळ, साखरेत मुरवलेला तो अमृत कोकम. खरा रंग ओळखायचा असेल, तर पेल्यातल्या सरबतात चिमूटभर खायचा सोडा टाकून पाहावा. अस्सल कोकमाची लाली जाऊन ते निळसर-काळपट होते.

घरगुती उपयोगांत अंगावर पित्त उठल्यावर आमसुलाचा कोळ लावणे सर्वांना ठाऊक आहे. त्याने खाज शमते हा माझाही अनुभव आहे, पण ते आमसुलाने की ओल्या गारव्याने, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. बियांच्या तेलाबाबत एवढा संकोच करण्याचे कारण नाही. स्टिअरिक आणि ओलेइक आम्लांनी समृद्ध असलेले हे तेल एरवीही घट्टच असते, त्वचेवर मात्र विरघळून पातळ थर धरते. फुटलेल्या टाचांवर ते का चालते, हे त्यावरून उमगते. (युरोपीय संघाने चॉकलेटमध्ये कोको बटराच्या जोडीला ५ टक्क्यांपर्यंत चालतील अशा ज्या सहा वनस्पतिजन्य चरब्या २००० साली मान्य केल्या, त्यांत कोकमाची चरबी आहे. आमच्याकडे ती अजूनही मुठीने वळलेल्या गोळ्यांच्या रूपातच विकली जाते.)

लेखात चरकसंहितेचा दाखला देऊन कोकम हृदयविकारावर गुणकारी ठरवले आहे. चरकाच्या ‘हृद्य’ गणात वृक्षाम्ल, म्हणजे कोकम, आहे हे खरे. पण त्याच दहांच्या यादीत आंबा, अंबाडा, करवंद, बोर, डाळिंब आणि महाळुंगही आहेत. ही सगळी आंबट फळे एकत्र आलेली पाहता, तोंडाला चव आणणारी आणि मनाला रुचणारी द्रव्ये असा अर्थ मला अधिक सरळ वाटतो. त्यातून आजच्या हृदयरोगाचे औषध ओढून काढणे म्हणजे ग्रंथावर आपले म्हणणे लादणे होय.

आता चरबीविषयी. कोकमाच्या सालीत हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल असते आणि शरीरात मेद तयार होण्याच्या क्रियेतील एका विकराला (एन्झाइमला) ते अडथळा करते, हे प्रयोगशाळेत दिसलेले आहे. वजन घटवण्याच्या गोळ्यांचा सारा डोलारा त्यावर उभा आहे. मात्र या गोळ्या बहुधा कोकमाच्या नसून त्याच्याच कुळातील, केरळात माशांच्या कालवणात पडणाऱ्या मलबारी चिंचेच्या अर्काच्या असतात. १९९८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १३५ जाड व्यक्तींपैकी काहींना हा अर्क आणि बाकीच्यांना नुसती दिखाऊ गोळी १२ आठवडे देण्यात आली. आहार दोन्ही गटांना सारखाच बेताचा होता. अर्क घेणाऱ्यांचे वजन सरासरी ३.२ किलोने उतरले, न घेणाऱ्यांचे ४.१ किलोने. फरक दखल घेण्याजोगा नव्हता, पण अर्काच्या बाजूने तर तो मुळीच नव्हता. शिवाय अशा गोळ्या घेणाऱ्यांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. आमटीत पडणारी दोन-चार आमसुले आणि एकवटलेला अर्क यांना एकाच तागडीत तोलता येत नाही.

माझी खरी काळजी मात्र मिठाची आहे. आगळ वर्षभर टिकतो तो मिठावर. माझ्या सासऱ्यांना रक्तदाबाचा त्रास होता. जेवणातले मीठ आम्ही कटाक्षाने कमी केले, पण उन्हाळाभर रोज दुपारी ते ‘थंड असते’ म्हणून आगळाचे पाणी घेत राहिले. दाब उतरेना, तेव्हा डॉक्टरांनी दिवसभराचे खाणेपिणे विचारले आणि आमच्या ध्यानात आले. मधुमेही माणसाला अमृत कोकमातली साखर तशीच नडते.

आगळ कोणी ग्लासभर पीत नाही. ग्लासभर पाण्यात त्याचे दोन चमचे पुरे होतात. चौकटीतील सल्ला वाचून कोणी खरोखरच तसा प्रयोग करण्याआधी पुढच्या पुरवणीत ही दुरुस्ती ठळकपणे छापावी, आणि रक्तदाबाच्या रुग्णांसाठी मिठाचा उल्लेख अवश्य करावा, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक,
कुडाळ, जि. सिंधुदुर्ग