नाडी मंदावली म्हणून गोळी बंद करू नका

मा. संपादक,

हार्ट फेल्युअरच्या जुनाट आजारात दिल्या जाणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्यांविषयी लोकांत मोठा गैरसमज आहे आणि तो आमच्या घराला महागात पडला, म्हणून हे पत्र.

आईच्या हृदयाचे पंपिंग ३० टक्क्यांवर आल्यावर तिला कार्व्हेडिलॉल या बीटा ब्लॉकरची ३.१२५ मिलिग्रॅमची गोळी सुरू झाली. सुरुवातीला थकवा आला, नाडी ५८ झाली. 'आधीच कमजोर हृदय, त्यात ही गोळी ते आणखी मंद करते,' असे एका दवाखान्यात ऐकून आम्ही तिच्या हृदयरोगतज्ज्ञांना न विचारताच गोळी बंद केली. आठवडाभरात आडवे पडताच तिला धाप लागू लागली. एका उशीच्या तीन उशा झाल्या आणि शेवटी ती खाटेच्या काठावर बसून रात्र काढू लागली.

हृदय कमी पडू लागले की शरीरातील अनुकंपी चेतासंस्था नॉरअ‍ॅड्रेनॅलिन हे उत्तेजक रसायन सोडून, थकलेल्या बैलाला पराणी टोचत राहावे तसे, त्याला पळवत राहते. अडचणीच्या वेळी उपयोगी पडणारी ही व्यवस्था महिनोन्‌महिने चालली की हृदयाचा स्नायू झिजतो, हृदय फुगते आणि ठोक्यांची लय बिघडण्याचा धोका वाढतो. बीटा ब्लॉकर ही टोचणी हृदयापर्यंत पोहोचू देत नाही. एकेकाळी डॉक्टरही अशा रुग्णांना हे औषध वर्ज्य मानत. स्वीडनमधील गोथेनबर्गच्या फिन वागस्टीन आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये अवघ्या सात रुग्णांची याच औषधाने प्रकृती सुधारल्याचा उलटा अनुभव प्रसिद्ध केला. तो सर्वमान्य व्हायला मात्र जवळपास पाव शतक गेले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बिसोप्रोलॉल या बीटा ब्लॉकरच्या मोठ्या युरोपीय चाचणीत सुमारे सव्वा वर्षात, नेहमीच्या उपचारांना या गोळीची जोड न मिळालेल्यांपैकी शंभरी १७ रुग्ण दगावले, जोड मिळालेल्यांपैकी १२. अर्थात ही चेतासंस्था कशीही दाबून चालत नाही: मेंदूतूनच तिला आवर घालणाऱ्या मॉक्सोनिडिनची चाचणी मृत्यू वाढल्याने मध्येच थांबवावी लागली होती.

टोचणीवर चालणाऱ्या हृदयाला ती एकदम काढून घेतलेली सोसत नाही, म्हणून मात्रा साधारण दोन-दोन आठवड्यांनी वाढवत नेतात. आणि गोळी अचानक सोडली, तर अडवून धरलेला मारा पुन्हा सुरू होतो. चक्कर येणे, नाडी फार उतरणे, पायांवर सूज वाढणे ही डॉक्टरांना लगेच कळवण्याची कारणे आहेत, आपल्या मनाने गोळी थांबवण्याची नव्हेत.

हे सारे आम्हाला नंतर कळले. औषधाच्या चिठ्ठीवर 'विचारल्याशिवाय बंद करू नये' एवढी एक ओळ मराठीत असती, तर आईची गोळी पुन्हा ३.१२५ मिलिग्रॅमपासून सुरू करण्याची वेळ आली नसती.

– एक वाचक, सांगली