पुरुषांच्या कंबरेचा घेर मोजल्यानंतर पुढे काय? : सार्वजनिक आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

सादर नमस्कार. सोलापूर जिल्ह्यात कर्करोगाच्या रुग्णांना आहाराचा सल्ला देणारी एक आहारतज्ज्ञ म्हणून मी आपणास लिहीत आहे. आशाताई तीस वर्षांवरील प्रत्येकाचा जो तपासणी-तक्ता भरतात, त्यात कंबरेचा घेर नोंदवला जातो. पुरुषाचा घेर 90 सेंटिमीटरच्या पुढे गेला की एक गुण, 100 च्या पुढे गेला की दोन, आणि एकूण गुण चारच्या वर गेले की त्याला तपासणीसाठी आधी बोलावले जाते. मात्र त्या तपासणीत कर्करोगांपैकी पुरुषांच्या वाट्याला मुखकर्करोगाची तेवढी तपासणी येते. वाढलेल्या पोटाचा प्रोस्टेटच्या, म्हणजे मूत्राशयाखालील पुरुषग्रंथीच्या, कर्करोगाशी संबंध असू शकतो, हे त्याला कोणी सांगत नाही. हा दुवा जोडावा, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

लठ्ठपणामुळे प्रोस्टेटचा प्रत्येक कर्करोग वाढतो असे नाही. जागतिक कर्करोग संशोधन निधीने 2014 मध्ये पुराव्यांचा आढावा घेऊन जो निष्कर्ष काढला, तो पुढच्या टप्प्यातील रोगापुरता आहे: जादा वजनाच्या पुरुषांत ग्रंथीबाहेर पसरणाऱ्या रोगाचा धोका अधिक असतो. जीव घेणारा रोग तोच, म्हणून हा फरक महत्त्वाचा आहे. त्यात आणखी एक अडचण अशी, की स्थूल शरीरात रक्तद्रवाचे प्रमाण जास्त असल्याने पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणारे प्रथिन, ज्याच्या चाचणीवरून या कर्करोगाची शंका घेतली जाते) त्यात पातळ होतो आणि चाचणीचा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी येतो. म्हणजे ज्याला धोका जास्त, त्याचाच अहवाल दिलासा देणारा दिसू शकतो. ही गोष्ट 2007 पासून वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली असूनही आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या प्रशिक्षणात तिला जागा मिळालेली मला आढळली नाही.

आहार आणि हा रोग यांना जोडू पाहणारे आतड्यातील जीवाणूंचे संशोधन अलीकडचे आहे आणि ते मुख्यतः उंदरांवर झालेले आहे. जपानमधील ओसाका विद्यापीठाच्या संशोधकांनी 2021 मध्ये दाखवले, की चरबीयुक्त आहारावर वाढवलेल्या उंदरांत जीवाणूंनी तयार केलेली लघुशृंखल मेदाम्ले (छोट्या साखळीची स्निग्ध आम्ले) आयजीएफ-1 या वाढकारक प्रथिनाच्या मार्गाने गाठीला बळ देतात, आणि प्रतिजैविके देऊन ते जीवाणू कमी केले की गाठीची वाढ मंदावते. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील बेलिन्झोना येथील गटाने याहून चकित करणारी गोष्ट मांडली. गाठीला पोसणारे टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक बंद करण्याचा उपचार सुरू असताना आतड्यातील काही जीवाणू स्वतःच पुरुषी संप्रेरके बनवू लागतात, ती रक्तात उतरतात आणि रोग उपचाराला दाद देईनासा होतो. माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांपैकी अनेकांचा उपचार हाच असतो, आणि त्यानेच शरीरातील चरबी वाढते व मधुमेहाचा धोकाही वाढतो. त्यांच्या हाती आज आहाराचा एक छापील कागदही ठेवला जात नाही.

तथापि या निष्कर्षांवरून घाईने बाजार भरू नये. तंतुमय अन्नापासून बनणारी हीच आम्ले मोठ्या आतड्याला हितकारक मानली जातात. त्यामुळे जीवाणूंची कॅप्सूल घ्या आणि प्रोस्टेट वाचवा, असे म्हणणाऱ्या जाहिरातीला आधार नाही. अमेरिकेत 35 हजारांहून अधिक पुरुषांवर झालेल्या प्रयोगात ई जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी प्रोस्टेटच्या कर्करोगाचे प्रमाण 17 टक्क्यांनी वाढल्याचे 2011 मध्ये निष्पन्न झाले. लगेच उपचार न करता केवळ देखरेखीखाली ठेवलेल्या प्रोस्टेटच्या रुग्णांनी दोन वर्षे भाज्या वाढवल्या, तरी रोगाची गती कमी झाली नाही, हेही 2020 मधील प्रयोगाने दाखवले. तरीसुद्धा मी रुग्णांना ज्वारीची भाकरी, डाळी आणि भाज्या सांगते, आणि तळलेले फरसाण व गोड पेये सोडायला लावते, कारण त्याने पोट उतरते, मधुमेह आटोक्यात राहतो, आणि प्रोस्टेटच्या अनेक रुग्णांचा मृत्यू शेवटी हृदयविकाराने होतो.

सर्व पुरुषांची सरसकट पीएसए चाचणी करावी, अशी माझी मागणी नाही. हळू वाढणाऱ्या गाठी उगाच सापडतात आणि त्यांच्या उपचाराने लघवीवरचा ताबा व लैंगिक क्षमता जाऊ शकते. ज्यांच्या कंबरेचा घेर जास्त आहे अशा पन्नाशीपुढील पुरुषांना आशाताईंनी लघवीची धार, रात्री वारंवार उठावे लागणे आणि घरातील कर्करोगाचा इतिहास विचारावा, व गरजेप्रमाणे वैद्यकीय अधिकाऱ्याकडे पाठवावे. लघवीच्या तक्रारी बहुधा वयानुसार वाढलेल्या साध्या ग्रंथीच्या असतात, हेही त्यांना सांगावे, म्हणजे घबराट होणार नाही. स्थूल पुरुषाचा पीएसए कसा वाचावा, याचे प्रशिक्षण डॉक्टरांना द्यावे. संप्रेरक-उपचार सुरू होताच रुग्णाची आहारतज्ज्ञाशी भेट ठरलेली असावी, आणि त्यासाठी प्रत्येक जिल्हा रुग्णालयातील आहारतज्ज्ञाचे पद भरलेले असावे.

शेवटची विनंती संशोधनाची आहे. देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी 1987 मध्ये आमच्याच जिल्ह्यात, बार्शी येथे सुरू झाली, आणि मुंबईची त्याही आधी, 1960 च्या दशकात. आहार वेगळा असलेल्या या दोन्ही ठिकाणी प्रोस्टेटच्या प्रत्येक नव्या रुग्णाचे वजन, कंबरेचा घेर व रोजचा आहार निदानाच्या वेळीच नोंदवण्याची आणि संमती देणाऱ्यांच्या शौचाचे नमुने जतन करण्याची व्यवस्था राज्याने करून द्यावी. ज्वारी खाणाऱ्या माणसाच्या आतड्यात काय घडते, याचे उत्तर ओसाकाच्या उंदरांकडून मिळणार नाही. या कामासाठी येत्या अर्थसंकल्पात तरतूद व्हावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
सोलापूर जिल्ह्यातील एक आहारतज्ज्ञ