निट भरपूर, पण नीट दिसत नाही : ‘सनलाइट रीडेबल’ टचस्क्रीन किटबाबत तक्रार

मुंबई,
दि. १६ मे

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा व गुणवत्ता विभाग

विषय : १०.१ इंची ‘सनलाइट रीडेबल’ कार टचस्क्रीन किट (नग ३), सदोष माल व दिशाभूल करणारी जाहिरात

सोबत : बिलांच्या प्रती, मोजमापांचा तक्ता, बोर्डाचे व स्क्रीनचे फोटो

महोदय,

आम्ही तिघांनी आपापल्या गाडीतल्या संगणकासाठी आपल्याकडून प्रत्येकी एक किट विकत घेतले. १२८० गुणिले ८०० पिक्सेलचे आयपीएस (बाजूनेही स्पष्ट दिसणारे एलसीडी) पॅनेल, संगणकाचा एचडीएमआय सिग्नल पॅनेलला लागणाऱ्या एलव्हीडीएस सिग्नलमध्ये बदलणारा बोर्ड, बॅकलाइटला (पडद्यामागच्या दिव्यांना) वीज देणारा वेगळा एलईडी ड्रायव्हर आणि यूएसबी टच असलेली पुढची काच, एवढे त्यातले सामान. खोक्यावर ‘१००० निट, भर उन्हात स्पष्ट’ असे छापलेले आहे. निट म्हणजे चमक मोजायचे एकक. काच काढून पॅनेलच्या मधोमध मोजले तेव्हा ९४० निट भरले. तेवढ्यावरून भांडायला आम्ही बसलेलो नाही. निट भरपूर आहेत, पण नीट दिसत नाही, ही तक्रार आहे.

दोष काच बसवण्याच्या पद्धतीत आहे. काच पॅनेलला चिकटवलेलीच नाही. कडेने १ मिलीमीटर जाडीची दोन्ही बाजूंनी चिकटणारी फोमटेप फिरवून ती वर ठेवून दिली आहे, आणि मध्ये हवा आहे. हवा आणि काच जिथे भेटतात, तिथे दर पृष्ठभागाला साधारण ४ टक्के उजेड परत फिरतो. इथे असे तीन पृष्ठभाग होतात : काचेची पुढची बाजू, तिची मागची बाजू आणि पॅनेलवरचा पोलरायझर (ठरावीक दिशेने कंपणाराच प्रकाश जाऊ देणारा पापुद्रा). झाले १२ टक्के. पॅनेलचा स्वतःचा उजेडही बाहेर येताना असाच गळतो. काच लावल्यावर ९४० चे ८०० उरले.

याचा परिणाम काय होतो, ते दुपारी चारच्या सुमारास सी लिंकवरून वांद्र्याहून वरळीकडे निघालेल्या गाडीत बसून पाहावे. सूर्य उजवीकडे, म्हणजे चालकाच्याच खिडकीत. स्क्रीन चालकाकडे वळवलेली असते, त्यामुळे तिच्यात दिसतो तोही चालकच. त्याच्या पांढऱ्या शर्टावर ५०,००० लक्स (पडणारा उजेड मोजायचे एकक) ऊन पडले आणि कापडाने त्यातले ८० टक्के परतवले, असे धरा. ५०,००० गुणिले ०.८ भागिले ३.१४, म्हणजे शर्टाची चमक सुमारे १२,७०० निट. तिचे १२ टक्के म्हणजे १,५०० निट. नकाशा ८०० निटचा आणि त्यावर अंथरलेला शर्ट १,५०० निटचा. कॉन्ट्रास्ट, म्हणजे नकाशा अधिक शर्ट भागिले नुसता शर्ट, जेमतेम दीडास एक. खिशाला लावलेले पेन स्वच्छ दिसते, पुढचे वळण दिसत नाही.

हीच काच पारदर्शक जेलने पॅनेलला चिकटवली असती, तर आतले दोन पृष्ठभाग जवळजवळ नाहीसे झाले असते. काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५, सिलिकोन जेलचा १.४ च्या आसपास. एवढ्या फरकाने उजेड फारसा परतत नाही. परावर्तन साडेचार टक्क्यांवर येते, शर्टाचे ५७० निट होतात आणि स्क्रीनचे ८६० च्या घरात राहतात. कॉन्ट्रास्ट अडीच. पुढच्या बाजूला परावर्तनरोधी लेप दिला आणि एकूण परावर्तन दीड टक्क्यावर आणले, तर शर्ट १९० निटचा उरतो आणि कॉन्ट्रास्ट साडेपाचाच्या आसपास जातो. तेव्हा कुठे रस्त्याचे नाव वाचता येते. यासाठी बॅकलाइट एका निटनेही वाढवावा लागत नाही.

आपल्या सेवा विभागाने आम्हाला दोन उपाय कळवले. पहिला, मॅट फिल्म चिकटवा. मॅट फिल्म प्रतिबिंब पुसते, पण उजेड गिळत नाही, फक्त फाकवते. आकाश दिसत असेल तेव्हा ठीक. ऊन थेट स्क्रीनवर आले की अख्खा पडदा ताकासारखा पांढरट होतो. शिवाय आपल्या काचेवर ती लावली तरी आतली हवेची फट जिथल्या तिथेच. दुसरा उपाय, १५०० निटचे महागडे मॉडेल घ्या. वरच्या हिशेबात ८०० ऐवजी १,२०० घाला : कॉन्ट्रास्ट दीडावरून १.८ होतो. दीडपट उष्णता विकत घेऊन एवढेच पदरात पडते.

काच घरीच चिकटवून घ्या असे सुचवणार असाल, तर ते काम काय असते तेही लिहितो. कडा धरून २३० गुणिले १४५ मिलीमीटर क्षेत्र आणि अर्धा मिलीमीटर थर, म्हणजे साधारण १७ मिलिलिटर जेल. दोन घटक मिसळल्यावर निर्वातात ठेवून त्यातली हवा काढायची, कडेला आधी घट्ट जेलचा बांध घालायचा, मधोमध माशाच्या काट्यासारखी रेघ ओढायची आणि काच एका कडेने तिरकी टेकवून सावकाश खाली सोडायची. घाई केली की बुडबुडे. बांध फुटला की जेल पॅनेलच्या फटीतून बॅकलाइटच्या थरांत शिरते आणि तो डाग कधीच निघत नाही. अतिनील दिव्याखाली घट्ट होणारा गोंद वापरला, तर काचेच्या काळ्या किनारीखाली दिव्याचा उजेड पोहोचत नाही. तिथला गोंद ओलाच राहतो आणि गाडी तापली की पाझरतो. कडक गोंद निवडला तर तापताना-निवताना तो पॅनेलला ओढतो आणि पिवळसर ढग दिसू लागतात. हे काम स्वच्छ खोलीत, कारखान्यात व्हायला हवे. मुलुंडच्या गच्चीवर नव्हे.

फटीचा आणखी एक त्रास मुंबईत हमखास होणार. फोमटेपच्या सांध्यांतून दमट हवा आत शिरते. पावसाळ्यात एसीचा झोत काचेवर आला की बाष्प काचेच्या आतल्या बाजूला धरते. तिथे फडके पोहोचत नाही.

आता उष्णता. ड्रायव्हर २८ व्होल्टला ४८० मिलिअँपिअर देतो, म्हणजे बॅकलाइट साडेतेरा वॅट खातो. पॅनेलचे क्षेत्रफळ ०.०३ चौरस मीटर. पुढच्या काचेतून चौरस मीटरला ५०० वॅट ऊन आत आले तरी वरून आणखी १५ वॅट. मेच्या मध्यावर मुंबईत सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो, आणि बंद गाडीत डॅशबोर्ड ७० अंशांच्या वर सहज जातो. पॅनेलची मर्यादा आपल्याच कागदावर ७० अंश लिहिली आहे. गाडीसाठी ८५ अंशांचे पॅनेल लागते. मागे अॅल्युमिनियमचा पत्रा नाही, ड्रायव्हर प्लॅस्टिकवर स्क्रूने बसवलेला, आणि तापमान पाहून उजेड उतरवणारा एनटीसी (तापमान ओळखणारा रोधक) बोर्डावर लावलेलाच नाही. त्याची जागा छापलेली आहे, भाग मात्र गायब. तापलेली गाडी सुरू केली की स्क्रीन पूर्ण उजेडात पेटते आणि काही मिनिटांत मधोमध काळा डाग धरतो. ठरावीक तापमानापुढे द्रवस्फटिक साधा द्रव होतो, प्रकाशाला वळवत नाही आणि पोलरायझर सगळा उजेड अडवतात. गार झाल्यावर डाग जातो, हे खरे. मागचे डिफ्यूझरचे (उजेड सारखा पसरवणारे) पापुद्रे एकदा वाकले की ते मात्र सरळ होत नाहीत. एका किटमध्ये ते वाकले आहेत.

वीजपुरवठ्याच्या भागात तर काटकसरीची हद्द झाली आहे. बोर्डाच्या तोंडाशी लावलेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवून चढउतार सावरणारा भाग) १६ व्होल्टचा आहे. गाडी चालू असताना अल्टरनेटर (गाडीचे जनित्र) १४.४ व्होल्ट देतो. चालू गाडीत बॅटरीची तार सुटली, तर झटका आवरणारा अल्टरनेटर असूनही आयएसओ १६७५० या वाहनांतल्या विद्युत उपकरणांच्या मानकाप्रमाणे ३५ व्होल्ट धरावे लागतात. असा झटका शोषून घेणारा टीव्हीएस डायोड नाहीच. दोन कपॅसिटर फुगले आहेत, फोटो जोडले आहेत. इथे ५० व्होल्टचा कपॅसिटर हवा. दुसरे म्हणजे, स्टार्टर फिरताना बॅटरी ६-७ व्होल्टपर्यंत उतरते आणि आपला बोर्ड ९ च्या खाली बंद पडतो. पडदा गेला की संगणकाला वाटते एचडीएमआय काढली. परत आल्यावर चित्र भलत्याच मापात येते. ६ ते ३६ व्होल्ट घेऊन स्थिर व्होल्ट देणारा बक-बूस्ट कन्व्हर्टर लावला असता तर हा प्रश्नच उरला नसता.

रात्रीचा विचार तर कोणी केलेलाच दिसत नाही. सर्वांत कमी उजेड २० टक्के, म्हणजे काचेतून १६० निट. अंधाऱ्या घाटात हे डोळ्यांत घुसते. ५ ते १० निटपर्यंत उतरता यायला हवे, तेही डॅशबोर्डच्या दिव्याच्या तारेवरून आपोआप. मोबाइलचा चार्जर लावल्यावर टच आपोआप दाबला जातो, तो दोष टचची पट्टी व पॅनेलची धातूची चौकट यांची ग्राउंड एकत्र न जोडल्याचा आहे. ही तार आम्ही जोडली, दोष गेला. पाच मिनिटांचे काम, पुढच्या मालात तरी करा.

आमच्या मागण्या : तिन्ही नग आपल्या खर्चाने परत घ्यावेत आणि जेलने चिकटवलेली, परावर्तनरोधी लेपाची काच व ८५ अंशांचे पॅनेल असलेले, वर लिहिल्याप्रमाणे दुरुस्त बोर्डाचे किट द्यावे. ते जमत नसेल तर पूर्ण रक्कम परत करावी. नुसता दुसरा कपॅसिटर किंवा मॅट फिल्म आम्ही स्वीकारणार नाही. खोक्यावरचे ‘भर उन्हात स्पष्ट’ काढावे, किंवा त्याखाली किती लक्सला किती कॉन्ट्रास्ट मिळतो ते छापावे.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे जाऊ. किट न्यायला माणूस पाठवाल तेव्हा त्याला मूळ खोकी आणायला सांगू नका; पावसाच्या तोंडावर ती आम्ही रद्दीत दिली आहेत.

आपले,
तीन ग्राहक, मुलुंड पूर्व
(नावे व पत्ते सोबतच्या बिलांवर)